भासऱ्याचा हात

माझ्या तोंडाले लगाम नाही, हे अख्ख्या गावाले ठाऊक आहे. आमचे हे, तेजराम, वैनगंगेच्या पुरात बोट घेऊन जाणाऱ्या बचाव पथकात आहेत. लाखांदूरले त्यायचं शिबिर झालं, तिथं श्वास थांबलेल्या माणसाची छाती कशी दाबाची ते रबरी बाहुल्यावर शिकवलं. घरी येऊन हे धानाच्या पोत्यावर, चुंगडीवर सराव करत, मोठमोठ्यानं मोजत. मी म्हणायची, "वाचली काय चुंगडी?" माझी धाकटी जाऊ खुशबू पदराआड हसे, कारण हे तिचे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ.

तो पदर मीच तिले शिकवला. लग्न होऊन आली तेव्हा बी.ए. झालेली, डोकं उघडं टाकून फिरे. मी म्हटलं, "आपल्या घरी भासऱ्यासमोर डोक्यावर पदर पाहिजे. अन् त्यायचा धक्काही लागू द्याचा नाही." चुकून लागला तर आमची सासू दोघायले आंघोळ कराले लावे. खुशबूनं कुरकुर केली नाही. शिकली.

यंदा रोवण्याच्या दिवसात आम्ही धानाच्या बांधीत, चिखलात होतो. खुशबूचा नवरा कैलाश खत आणाले गेला होता. मोटर बंद पडली म्हणून खुशबू ओल्या हातानं विजेच्या पेटीपाशी गेली अन् करंट लागून धाडकन चिखलात पडली. आमच्या यायनं वाळल्या काठीनं वायर दूर सारली, तिच्या नाकापाशी कान नेला. "श्वास नाही," म्हणाले, अन् छाती दाबाले दोन्ही हात उचलले.

धुऱ्यावर, बांधीच्या कडेले, रोवणाऱ्या बाया पाहून राहिल्या होत्या. खुशबूची साडी ओलीचिंब, पदर छातीवरून सरकलेला. मले तेवढंच दिसलं. माझ्या तोंडून निघालं, "हात नोका लावू. भासरे आहात तुम्ही."

पुरात उडी घेताना या माणसानं माझं कधी आयकलं नाही. त्या दिवशी आयकलं. हात तसेच राहिले. मंग म्हणाले, "तर तू दाब. इथं, मधोमध." मी बसली. तिची बरगडी मोडन म्हणून जोर लागेना. हे बाजूनं सांगत होते, "जोरात, अजून जोरात." एक म्हातारी कांदा हुंगवा म्हणाली. खुशबूचे ओठ निळे पडले तेव्हा यायनं मले ढकललं अन् स्वतः बसले, ते अॅम्ब्युलन्स येईपर्यंत उठले नाही. गाडीतल्या डॉक्टरनं मशीनचा झटका दिला, तेव्हा कुठं नाडी लागली.

खुशबू वाचली. पहिले मी बसली म्हणून गावात माझं नाव झालं, जावेनं जावेचा जीव वाचवला. दवाखान्यातल्या डॉक्टरनं मात्र विचारलं, "सुरुवातीला कोणी दाबत नव्हतं का? मेंदूला तेवढा वेळ रक्त पोचलेलं नाही." मी तोंड उघडाच्या आधी हेच म्हणाले, "मी घाबरलो, साहेब." लगाम कधी नव्हता त्या तोंडाले त्या दिवशी लागला.

काल तिले घरी आणलं. तिची पोरगी गुड्डी धावत जाऊन गळ्यात पडली. खुशबूनं तिच्याकडे पाहिलं, मंग माझ्याकडे. हळूच विचारलं, "ताई, ही कोणाची पोरगी?" कैलाश उठून अंगणात गेला. मी गुड्डीले कुशीत घेतलं.

तेवढ्यात हे दारात आले. खुशबूचा हात झटकन डोक्याकडे गेला. कपाळ झाकेपर्यंत तिनं पदर ओढला अन् अंग चोरून भिंतीकडे सरकली.

पोटच्या लेकीले विसरली, अन् मी शिकवलेलं तेवढं ध्यानात राहिलं. मले सहन झालं नाही. मी तो पदर मागं साराले हात नेला, तर तिनं तो घट्ट धरला.

"ताई," ती कुजबुजली, "भासरे आहेत."