दोन लेफ्ट बॅक

नवरा गेल्यावर मी वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या गावच्या फुटबॉल क्लबला दिल्या. बाहेरदेशाहून आलेल्या पोरांना क्लब घरगुती जागी ठेवतो, म्हणजे ती निदान वेळेवर जेवतात. माझ्याकडे बरीच पोरं राहून गेली. पण आमच्या वेस्टरहागनमध्ये, जर्मनीतल्या या गावात, अजूनही कुणी विचारलं तर ब्राइस आणि एफ्राइनबद्दलच विचारतं.

ब्राइस हालव्हर्सन आधी आला. मिनेसोटाचा, उंच, पांढुरक्या भुवयांचा. आई नॉर्वेची, म्हणून त्याच्याकडे तिकडचा, म्हणजे युरोपातला पासपोर्ट होता आणि सोळाव्या वर्षीच त्याला येता आलं. एफ्राइन किरोझकडे तसं काही नव्हतं. टेक्सासातल्या लारेडोचा, बाप ट्रक चालवणारा. अमेरिकेतून येणाऱ्या पोराला अठरा पूर्ण होईपर्यंत इथे कुणी घेत नाही, म्हणून तो वाट बघत बसला आणि अठरा भरल्याबरोबर आला. तोवर ब्राइस जर्मन बोलायला शिकला होता, आणि माझ्या कोबीच्या भाजीला नावंही ठेवायला लागला होता.

दोघेही लेफ्ट बॅक, डावी बाजू राखणारे. क्लबच्या ब संघात दोघं आलटून पालटून खेळायचे, पण वरच्या संघात जागा एकच रिकामी होणार होती. एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार, असं मला पहिल्याच आठवड्यात वाटलं. पण राहिल्या. ब्राइस एफ्राइनला प्रशिक्षकाचं बोलणं समजावून सांगायचा. एफ्राइन ब्राइसचे केस कापायचा, अंगणात स्टुलावर बसवून.

"हलू नकोस लेका, कान जाईल."

"गेला तर जाऊ दे. तसाही ड्रेक्सलर ओरडतो तेच ऐकू येतं."

ड्रेक्सलर त्यांचा प्रशिक्षक. एफ्राइन मला 'दोन्या रेनाटे' म्हणायचा, त्यांच्याकडे वयस्क बाईला तसं म्हणतात. एकदा मी त्याच्यासाठी त्यांच्या पद्धतीची मैद्याची पोळी करायला गेले. त्याने एक घास खाल्ला, बराच वेळ चावला आणि म्हणाला, "दोन्या, हिने दार अडवता येईल." आणि तरी सगळ्या संपवल्या.

तो ब्राइसपेक्षा चांगला खेळत होता. मला खेळातलं फारसं कळत नाही, तो सरस आहे हे ब्राइसनेच सांगितलं. बटाटे सोलता सोलता म्हणाला, "मी इतकी वर्षं जे शिकतोय ना फ्राऊ रेनाटे, ते तो घरून घेऊन आलाय." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं असं मला आता वाटतं.

जानेवारीत, गोठलेल्या मैदानावर, एफ्राइनचा गुडघा मुरगळला. आतला अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, थोडा फाटला होता. डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंत थांबायला सांगितलं. पण दोघांचेही करार उन्हाळ्यातच संपत होते, आणि मेमधला एक सराव सामना बघून वरच्या संघासाठी कुणाला घ्यायचं ते ठरणार होतं. एप्रिलमध्ये एफ्राइन म्हणाला, दुखणं गेलं. क्लबमध्ये त्याला पळवून, वाकवून बघितलं. त्याने दात आवळून सगळं केलं. क्लबलाही तो हवाच होता, मग फार खोलात कोण शिरतं?

घरात मात्र तो जिना बसून उतरायचा, एकेक पायरी, लहान मुलासारखा. मी बघितलं तेव्हा म्हणाला, "गंमत म्हणून."

"मला गंमत कळते. डॉक्टरांना सांग."

"सांगेन. सामना होऊ दे."

मी क्लबला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, डॉक्टरांनी त्याला पास केलंय बाई, तुम्ही काळजी करू नका.

सामन्याच्या सकाळी ब्राइस न्याहारी न करता बाहेर पडला. दुपारी एफ्राइन एकटाच परत आला. बूट हातात होते, कपड्यांवर मातीचा डागसुद्धा नव्हता. त्याला खेळवलंच नव्हतं. सामना सुरू व्हायच्या आधी ड्रेक्सलरने त्याला थेट तपासणीला पाठवलं. अस्थिबंध आता जवळजवळ पूर्ण फाटला होता. शस्त्रक्रिया, मग वर्षभर आराम.

ब्राइस संध्याकाळी आला. तो पूर्ण वेळ खेळला होता आणि बरा खेळला होता. स्वयंपाकघराच्या दारातच उभा राहिला.

"तू सांगितलंस," एफ्राइन म्हणाला.

"हो."

"का?"

"तू पायऱ्या बसून उतरतोस. गोळ्या खाऊन झोपतोस. तो गुडघा गेला असता."

"माझा गुडघा आहे."

"माहितीये."

एफ्राइनने समोरची ताटली बाजूला सरकवली. मग त्याने अगदी हळू विचारलं, "एकच सांग. आपण दोघं एकाच जागेसाठी नसतो, तरी गेला असतास ड्रेक्सलरकडे?"

मी चुलीपाशी होते. ब्राइसने हो म्हणावं, असं मनापासून वाटत होतं. खोटं का असेना.

"माहीत नाही," ब्राइस म्हणाला.

त्यानंतर ते एकमेकांशी बोलले नाहीत. एका घरात, एका टेबलावर. मीठ हवं असलं तरी माझ्याकडे मागायचे. जूनमध्ये ब्राइसने करारावर सही केली. एफ्राइनला क्लबने शस्त्रक्रिया करून घ्यायला सांगितलं, पण नवा करार दिला नाही. शस्त्रक्रिया करायची तर लारेडोला घरी कळणार. आईला तो अजून सांगत होता की सगळं ठीक चाललंय.

मग त्याच्या एजंटने पूर्वेकडचा एक लहानसा क्लब शोधला. तिथे निवड चाचणी होती, आणि तिथे कुणी आत काय फाटलंय ते बघत नाही.

"जाऊ नकोस," मी म्हणाले. "इथे राहा. भाडं वगैरे काही नको. आधी पाय नीट कर."

"आणि मग काय, दोन्या? वर्षभराने मला कोण ओळखणार?"

मी त्याला डबा बांधून दिला. ब्राइस वरच्या खिडकीत उभा होता, पण खाली आला नाही.

चाचणीत चेंडू अडवायला वळताना पाय जमिनीत रुतला आणि अंग तेवढं फिरलं. गुडघ्यातलं काहीच जागेवर राहिलं नाही. तिकडच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली, मग आत पू झाला, पुन्हा उघडावं लागलं. मी भेटायला निघाले तेव्हा ब्राइसच गाडी घेऊन आला.

एफ्राइन भिंतीकडे तोंड करून पडला होता. ब्राइस बाहेर आहे असं मी सांगितलं. "बाहेरच असू दे," तो म्हणाला. मग माझा हात धरला आणि सोडला नाही.

त्याचा बाप लारेडोहून आला होता. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस, विमानात बसल्यामुळे चुरगळलेला सदरा घालून. मी बाहेर आले तेव्हा तो बाकावर ब्राइसशेजारी बसला होता आणि ब्राइसचा हात त्याने दोन्ही हातांत घेतला होता.

"तूच ब्राइस ना रे? फोनवर कायम तुझंच नाव. इथे भाऊ मिळाला म्हणायचा. देव तुझं भलं करो, पोरा."

त्याला काहीच माहीत नव्हतं. ब्राइसने माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? त्या बापाचा हात सुटेपर्यंत तो तसाच बसून राहिला.

एफ्राइन लारेडोला परत गेला. गुडघा आता पूर्ण वाकत नाही. तो बापाच्या ओळखीच्या माणसाकडे, मालाच्या गोदामात, ट्रक भरून घ्यायचं काम बघतो. नाताळात मला फोन करतो, माझी तब्येत विचारतो, स्वतःचं फारसं सांगत नाही. फुटबॉल बघत नाही म्हणतो.

ब्राइस वरच्या संघात एक हंगाम टिकला. वाईट खेळला नाही, पण चेंडू त्याच्याकडे आला की थोडा थांबायचा, आणि तेवढ्यात समोरचा निघून जायचा. मग त्याला डेन्मार्कला पाठवलं. निघायच्या दिवशी पेटी दारात ठेवून त्याने विचारलं, "मी गप्प राहिलो असतो तर?"

"तर गुडघा इथेच गेला असता. त्याच दिवशी."

"म्हणजे मी बरोबर केलं?"

"ते मला विचारू नकोस."

त्याने मान हलवली, पेटी उचलली. स्टेशनवर सोडायला येऊ का म्हटलं तर नको म्हणाला.