नकुशीचं ‘पुट अप’

या, असं जवळ सरकून बसा. मांडवगण फराट्याच्या नकुशीची गोष्ट सांगते. मी तिची शेजारीण, भजनात टाळ धरणारी.

सन चौऱ्याहत्तर. नवरा गेल्यावर नकुशी भावाकडं, सोपानरावाकडं परतली होती. मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा नापास. पास झाली तर दौंडला बालवाडीवर बाई म्हणून घेणार होते. नाहीतर वरवंडच्या हौशीरामाशी पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. त्याची पहिली बायको गेलेली, पदरी तीन पोरं. निकालापर्यंत थांबायचं सोपानरावानं कबूल केलं होतं.

तिचं गाडं अडायचं इंग्रजीतल्या ‘पुट अप’पाशी. “आक्का, एवढंसं त्ये, आन् अर्थ किती! एक धरला की दुसरा पळतो.”

माघात सप्ताह बसला. कीर्तनात बुवा अभंगाच्या एकाच चरणावर तासभर उभे राहायचे, दर अर्थाला नवा दृष्टांत. मी म्हटलं, “नकू, तू बी तसंच कर की.”

दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना म्हणाली, “पारापुढं मांडव उभारला, पुट अप. पाटलांनी बुवांना मुक्कामाला ठेवलं, त्ये बी पुट अप.”

“आन् तिसरा?”

तेवढ्यात वहिनी आतनं ओरडली, “मडम, जाळ इझला चुलीचा!”

“ह्ये सोसायचं,” नकुशी पुटपुटली, “ह्याला म्होरं ‘विथ’ लागतं.” आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो.

मार्चात दौंडला पेपर झाला. ‘पुट अप’ आलंच होतं, हीच वाक्यं इंग्रजीत लिहून आली.

मे महिन्यात वरवंडची माणसं दारात. पेरणीच्या आत घरात बाईमाणूस पाहिजे म्हणाली.

“दादा, निकाल लागू द्या की!”

“लागंल तवा तिथं बी कळंल.”

मी मध्ये पडले. सोपानराव म्हणाले, “आक्काबाई, तुम्ही टाळ वाजवा.”

वहिनीनं नकुशीची ट्रंक भरून ओसरीवर आणून ठेवली होती.

जूनमध्ये निकाल लागला. इंग्रजीत बेचाळीस. शाळेतून सोपानरावाकडं आलेली गुणपत्रिका मीच मागून घेतली आणि वरवंडला गेले. नकुशी अंगण सारवत होती. हात धुतले, लुगड्याला पुसले, कागद दोनदा वाचला.

“दौंडची जागा हाय अजून?”

“हाय. पंधरा तारखेपर्यंत.”

तिनं घराकडं पाहिलं. धाकटं पोर उंबऱ्यात रडत होतं. ओसरीवरनं सासूनं विचारलं, “कसला कागद गं?”

“काय न्हाई आत्या. जुनाच हाय.”

तिनं घडी घालून तो माझ्याच हातात दिला, पोराला कडेवर घेतलं आन् आत गेली.

बाबांनो, सोलापूरच्या रस्त्यानं वरवंडवरून जाल तेव्हा क्षणभर हात जोडा आणि तिला आठवा. नकुशी, मॅट्रिक पास.