डाव्या पायातली पट्टी

पोटावर सरपटत ग्लेनिस आणखी हातभर पुढे गेली आणि कोपरं ओल्या वाळूत रुतवून थांबली. वय एकाहत्तर, अंगात लेकीचा जुना रेनकोट, कॅमेऱ्याखाली टेकूला तांदूळ भरलेली पिशवी. समोर चाळीस पावलांवर, तिच्यासारखेच पाण्याच्या कडेला, दोनेकशे गॉडविट, लांब चोचीचे किनाऱ्यावरचे पक्षी, वाऱ्याकडे तोंड करून डुलक्या घेत होते. खाऊन खाऊन लाडवासारखे गोल झाले होते. तिला त्यातली एकच मादी हवी होती, आणि ती नेमकी एका पायावर उभी होती. डावा पाय पोटाच्या पिसांत गुडूप.

"दुसरा पायच नसेल गं तिला," मागून डेस हलक्या आवाजात म्हणाला. पक्षीमंडळाच्या नोंदी हाच ठेवायचा. फोटोशिवाय तो कुणाचंही ऐकून घेत नसे. घडीच्या खुर्चीत बसून तो निवांत चहा पीत होता.

काल तिने त्या मादीच्या डाव्या पायात हिरवी पट्टी पाहिली होती. पक्षी जाळ्यात धरायचे, पायात अक्षरांची पट्टी अडकवायची आणि सोडून द्यायचे, म्हणजे पुढे कुठे दिसले तर ओळख पटते. पट्टी नेहमी उजव्या पायात. एकोणीस वर्षांपूर्वी, शाळेच्या कँटीनमध्ये काम करणाऱ्या ग्लेनिसने आयुष्यातली पहिली पट्टी बसवली ती डाव्या पायात. पक्षी उडाल्यावर चूक कळली. तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक जेवणाला कुणीतरी विचारणारच, बाई, काटा कुठल्या हातात धरता? तीही हसायची. पण तो पक्षी कधीच मेला असणार, असं कुणी म्हटलं की तिचं हसू मावळायचं.

तो जिवंत आहे हे तिला दाखवायचं होतं, आणि आजच. थवा एकदोन दिवसांत उत्तरेला निघणार होता. मंगळवारी ती स्वतः लेकीकडे ॲलिस स्प्रिंग्जला कायमची राहायला जाणार होती. तिथून कुठल्याही दिशेला हजारेक किलोमीटर समुद्र नाही.

"एक टाळी वाजवू? झटक्यात पाय खाली येतील सगळ्यांचे," डेस म्हणाला.

"नको रे," ती मान न वळवता म्हणाली. "आठ दिवस न खाता उडायचंय त्यांना. माझ्या एका फोटोपायी त्यांची रतीभर चरबी जळायला नको."

भरती चढत होती. पाणी मादीच्या पायाशी आलं, तशी ती लंगडी घालत तीन उड्या मारून ग्लेनिसकडेच सरकली, पण पाय काही काढला नाही. हसता हसता डेसच्या नाकातून चहा आला. पुढची लाट ग्लेनिसच्या रेनकोटात शिरली. देवाकडे मी जास्त काही मागत नाही, एक पाय फक्त, असं मनाशी म्हणताना तिलाच हसू फुटत होतं.

दर लाटेला पुन्हा लंगडी. मादी आता इतकी जवळ आली की कॅमेऱ्यात पुरी मावेना. मग तिने झोपेतून उठल्यासारखा आळस दिला, डावा पंख आणि डावा पाय एकदमच मागे ताणून. ग्लेनिसने बटण दाबून धरलं. पुढच्या लाटेला सगळा थवा आपणहून उठला, एकदा वळला आणि पलीकडच्या वाळूवर जाऊन उतरला.

डेसने फोटो मोठा करून पाहिला. पट्टीवरची अक्षरं झिजून गेली होती. एकही लागत नव्हतं. ग्लेनिस गुडघ्यांवर बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याने फोटो आणखी मोठा केला.

"अक्षरं नाहीत," शेवटी तो म्हणाला. "पण डावा पाय आहे. एवढा गाढवपणा या किनाऱ्यावर एकाच बाईनं केलाय." आणि त्याने हात देऊन तिला उभं केलं. आज रात्रीच नोंद करतो म्हणाला.

गाडीपाशी ती रेनकोट पिळत होती, तेव्हा कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका अनोळखी गृहस्थाने सहज विचारलं, काही मिळालं का? तिने कॅमेरा पुढे केला. त्याने वाकून पाहिलं.

"अरेरे, डोकंच कापलं गेलंय हो पक्ष्याचं."

"हो ना," ग्लेनिस म्हणाली, आणि पाय त्याला नीट दिसावा म्हणून पडद्यावर ओल्या तळहाताची सावली धरली.