पिशवीतला पंधरावा

मित्रांनो, मी एक जुना पटर आहे. माझी गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी मला बोल लावू नका. गोल्फच्या खेळात लांब काठ्यांनी चेंडू दूरवर मारतात आणि तो झेंड्याजवळच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर आला की एका बुटक्या काठीने हलकेच होलमध्ये ढकलतात. ती बुटकी काठी म्हणजे मी. माझे डोके पितळेचे आहे आणि ते जरा डावीकडे कलंडलेले आहे. सध्या मी एका म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत दारामागे उभा असतो. पलंगाखाली गेलेली चप्पल किंवा औषधाची पट्टी बाहेर ओढायची असली की माझी आठवण होते.

माझा जन्म झाला तो पत्र्याच्या शेडमध्ये. एका मोठ्या गोल्फ मैदानाच्या मागे गवत कापायची यंत्रे ठेवायची ती शेड होती. तिथे एक मिस्त्री यंत्रांच्या पात्यांना धार लावायचा, पट्टे बदलायचा आणि उरलेल्या वेळात त्या यंत्रांना शिव्या घालायचा. त्याला दोन मुलगे होते. थोरला मैदानावर कॅडी होता. कॅडी म्हणजे खेळाडूच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्यामागे चालणारा, अंतर मोजून सांगणारा आणि खेळाडू चिडला की निमूट ऐकून घेणारा माणूस. धाकटा त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. तो शेडमागे मोडक्या छत्रीच्या दांड्याने चेंडू ढकलत बसायचा. मिस्त्रीला ते बघवेना. त्याने एका भंगार यंत्रातला पितळेचा बुश, म्हणजे दांड्यावर बसणारी जाड कडी, काढला, जेवणाच्या सुट्टीत तीन दिवस कानशीने घासला आणि पाण्याच्या पाइपाच्या तुकड्यावर बसवला. डोके वाकडे बसले. थोरल्याने ते दाखवले, तर मिस्त्री म्हणाला की माणसाचे डोके वाकडे असले तरी जग चालतेच. मुलांच्या आईने स्वेटरच्या उरलेल्या लोकरीची एक हिरवी टोपी विणून माझ्या डोक्याला घातली. ती माउली पुढे लवकरच गेली. टोपी अजून आहे.

माझे कामाचे दिवस चांगले गेले. धाकट्याने माझा वाकडेपणा इतका ओळखला होता की तो मला धरायचाच तसा, जरा तिरका. मोठमोठ्या पिशव्या घेऊन आलेली पोरे मला हसायची. दुपारी बक्षीस वाटताना हसायची नाहीत. धाकटा मोठा झाला, पैसे घेऊन खेळणारा खेळाडू झाला आणि थोरल्याने दुसऱ्यांची पिशवी सोडून भावाची पिशवी खांद्यावर घेतली. धाकटा त्याला दादा म्हणायचा, म्हणून मीही दादाच म्हणतो.

दादाची एक सवय नीट लक्षात ठेवा, कारण सगळे तिच्यापाशीच येऊन थांबते. खेळाचा नियम असा, की पिशवीत चौदाच काठ्या हव्यात. एक जरी जास्त निघाली तरी ज्या ज्या होलला, म्हणजे खेळाच्या ज्या टप्प्याला, ती जवळ होती त्या प्रत्येक होलमागे दंडाचे दोन फटके वाढतात, मग तुम्ही ती वापरा नाहीतर वापरू नका. म्हणून पहिला फटका मारण्याआधी दादा प्रत्येक काठीच्या डोक्यावर बोट ठेवून मोजायचा. एक, दोन, तीन, असे थेट चौदापर्यंत. वीस वर्षांत ही मोजणी कधी चुकली नव्हती. बाकीचे कॅडी त्याची थट्टा करायचे की रात्री घरातली माणसेसुद्धा मोजूनच झोपत असशील.

पुढे एका कंपनीने धाकट्याला नवाकोरा, सरळ डोक्याचा पटर दिला. नव्याची नवलाई सुरू झाली आणि मी बाबांच्या, म्हणजे त्या मिस्त्रीच्या, खोलीत कोपऱ्यात आलो. मला फार वाईट वाटले. बाबा मात्र महिन्यातून एकदा माझ्यावर तेलाचा बोळा फिरवायचे आणि म्हणायचे की तू घरचा आहेस, तुला कोण काढणार.

धाकटा एकेचाळीस वर्षांचा झाला तरी त्याच्या हाताला मोठा चषक लागला नव्हता. मग त्या वर्षीची ती मोठी स्पर्धा आली. चार दिवस खेळायचे आणि ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी तो विजेता. तीन दिवस संपले तेव्हा धाकटा सगळ्यांच्या पाच फटके पुढे होता. बाबांना राहवेना. चौथ्या दिवशी सकाळी ते मला वर्तमानपत्रात गुंडाळून, कापडी पिशवीत घालून मैदानावर आले. घरच्या माणसांचा पास गळ्यात होता, म्हणून कोणी अडवले नाही.

सरावाच्या हिरवळीजवळ धाकटा चेंडू ढकलत होता. त्याचा चेहरा उतरला होता. दादाचीही पाचावर धारण बसली होती. हात रिकामे राहू नयेत म्हणून त्याने तिथेच, नेहमीच्या जागेआधी, काठ्या मोजून टाकल्या. चौदा भरल्या. मग झेंडे आज कुठे रोवले आहेत त्याचा कागद आणायला तो गेला. बाकावर बाबा आणि शेजारी उघडी पिशवी, एवढेच उरले. बाबांनी इकडेतिकडे पाहिले, माझी टोपी नीट ओढली आणि मला उंच काठ्यांच्या मधोमध खाली सोडले. मी बुटका, पार दिसेनासा झालो. बाबा वाकून हळूच म्हणाले, "जा. त्याच्यावर लक्ष ठेव."

बाबांनी आयुष्यभर यंत्रे दुरुस्त केली, पण खेळाचे नियम त्यांनी कधी वाचले नव्हते. मला नियम ठाऊक होता. तरीही मला किती आनंद झाला म्हणून सांगू. इतक्या वर्षांनी पुन्हा त्या पिशवीचा वास, पुन्हा दादाचा खांदा. वाटले, पहिल्या फटक्याआधी दादा मोजेल, मला काढून बाबांच्या हातात देईल, तेवढ्यात माझी एक छोटी सहल होईल. या आनंदाबद्दल मी आजतागायत स्वतःला माफ केलेले नाही.

पहिल्या होलचा खेळ सुरू होतो तिथे माणसांची भिंत होती. धाकट्याचे नाव पुकारले गेले. दादाचा हात सवयीने पिशवीकडे आला. त्याचे बोट पहिल्या काठीला लागलेसुद्धा. मग मोजून झाल्याचे त्याला आठवले आणि हात परत गेला. तो हात आज ना उद्या येईल म्हणून मी अजून वाट बघत असतो.

दोन होल झाले. तिसऱ्यावर पहिलाच फटका छोटा मारायचा होता, म्हणून दादाने पिशवीत खोलवर हात घातला आणि त्याच्या बोटांना लोकर लागली. तो थांबला. त्याने टोपी पाहिली आणि मान वळवून दोरीपलीकडच्या गर्दीकडे बघितले. तिथे बाबा दोन्ही हात वर करून आनंदाने हलवत होते. मला कोणी आणले हे त्याला त्या क्षणीच कळले. अजून कोणाच्या काही लक्षात आले नव्हते. तो मला तसाच दाबून ठेवू शकला असता. त्याने ते केले नाही.

"पिशवीत पंधरा आहेत," तो धाकट्याला म्हणाला.

धाकट्याला आधी समजलेच नाही. समजले तेव्हा त्याने एवढेच विचारले, "कोणी ठेवला?"

"मीच. सरावाला घेतला होता. काढायचा राहिला."

दादाने स्वतः पंचाला बोलावून सांगितले. दोन होलचे चार फटके वाढले. मला खेळातून बाद करून पिशवीत उलटे खोचले गेले. मित्रांनो, त्या दिवशी मी चेंडूला शिवलोसुद्धा नाही, आणि तरी धाकट्याच्या नावावर माझे चार फटके लिहिले गेले.

पाचची आघाडी एकावर आली. धाकटा मोडला नाही, दात-ओठ खाऊन खेळत राहिला. पण त्याच्या दोन तास आधी एक उंच, किडकिडीत खेळाडू खेळायला निघाला होता. सगळे त्याला लांब्या म्हणायचे. सकाळी तो सात फटके मागे होता आणि त्याच्याकडे कोणाचे लक्षही नव्हते. आता मैदानाच्या त्या टोकाकडून गर्दीचा गलका उठू लागला. एकदा उठला, परत उठला, मग थांबेचना. फलकावर लांब्याचे नाव एकेक पायरी वर चढत होते. तो खेळ संपवून बसला तेव्हा त्याला बरोबरीत गाठायला धाकट्याला शेवटच्या होलवर एकच चेंडू आत घालायचा होता, जेमतेम दोन पावलांवरून. नवा पटर सरळ होता. चेंडू होलच्या कडेवरून फिरला आणि बाहेरच थांबला.

हातातोंडाशी आलेला घास एका फटक्याने गेला. ते चार फटके नसते, तर धाकटा तीन फटक्यांनी जिंकला असता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी लांब्याला डोक्यावर घेतले. सात फटके मागून येऊन जिंकणे हे येरागबाळ्याचे काम नाही. मला त्याचा राग नाही. त्याने जीव तोडून खेळ केला होता.

गाड्या लावायच्या जागेवर धाकट्याने दादाच्या खांद्यावरून पिशवी काढून घेतली. मला उपसून त्याच्या हातात कोंबले आणि म्हणाला, "आजपासून माझ्या पिशवीला हात लावू नकोस."

दादा म्हणाला, "बरं."

त्यानंतर ते दोघे भाऊ एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत. बाबांना दादाने सांगितले की खेळ सावकाश झाला म्हणून दंड बसला. बाबांना ऐकू कमी यायचे आणि वर्तमानपत्र त्यांना दादाच वाचून दाखवायचा, म्हणून ते खपून गेले. शेजाऱ्यांना त्याने हात जोडून विनवले की बाबांपुढे त्या दिवसाचा विषय काढू नका. मला वाटले होते तो मला गुडघ्यावर मोडेल. त्याने माझ्यावरचा चिखल पुसला, टोपी धुऊन वाळवली आणि मला बाबांच्या दारामागे उभे केले. मोडले असते तर बरे झाले असते.

दादाला पुन्हा कोणी पिशवी दिली नाही. ज्याला चौदापर्यंत मोजता येत नाही त्याला कोण ठेवणार, असे लोक म्हणायचे. तो सरावाच्या मैदानावर विखुरलेले चेंडू गोळा करून धुवायचे काम करू लागला. तिथे त्याचे नाव 'पंधरा' पडले. त्या नावाने हाक मारली तरी तो ओ द्यायचा. धाकटा महिन्यातून एकदा फळे घेऊन बाबांना भेटायला यायचा, पण नेमका दादा कामावर असताना. त्याने पुढे काही जिंकले नाही. पाठीला पाठ लावून आलेली दोन माणसे अशी एकाच घरात वेगवेगळ्या वेळी येत-जात राहिली आणि मी दारामागून बघत राहिलो. मला सगळे ठाऊक होते. सांगायला तोंड नव्हते.

सातव्या वर्षी दादा चेंडू गोळा करता करता तिथेच गवतावर कोसळला आणि गेला. धाकटा आला होता. फाटकापाशी उभा राहिला आणि घरात पाऊल न टाकता परतला. त्यानंतर बाबांची आठवण विरत गेली. सकाळी सांगितलेले दुपारी राहत नाही, आणि दादा गेला हे तर त्यांना कितीदा सांगितले तरी टिकत नाही. शेजारी दोन वेळा येऊन त्यांना बघून जातात.

मागच्या महिन्यात धाकटा आला तेव्हा बाबांची गोळ्यांची पट्टी पलंगाखाली गेली होती. त्याने दारामागे हात घातला आणि मी त्याच्या हातात आलो. नऊ वर्षांनी. त्याने मला धरले, तेही पूर्वीसारखेच, जरा तिरके. बाबांची नजर टोपीवर गेली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हा लागला का रे तुला त्या दिवशी?"

"कोणत्या दिवशी, बाबा?"

"त्या मोठ्या स्पर्धेच्या. मीच घातला होता तुझ्या पिशवीत, गुपचूप. तू हरलास, मग विचारायचा धीरच झाला नाही."

धाकटा पलंगाच्या कडेवर बसला. त्याची मूठ माझ्याभोवती इतकी आवळली की माझा पाइप दुखला. मग म्हणाला, "लागला बाबा. खूप लागला."

बाबा समाधानाने हसले. मग एकदम काही आठवल्यासारखे पुढे वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पण दादाला सांगू नकोस हं. त्याच्या पिशवीत कोणी हात घातलेला त्याला खपत नाही."

"नाही सांगत," धाकटा म्हणाला.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हाला जपा, तेलपाणी करा, भंगारात टाकू नका. मला त्यातले काही नको. माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या घरात कोणी चूक अंगावर घेऊन गप्प राहिला असेल, तर रागाच्या भरात त्याच्या खांद्यावरची पिशवी काढून घेऊ नका. त्याला समोर बसवून विचारा. एकदा नाही सांगितले तर पुन्हा विचारा, आणि तो आहे तोवर विचारा. धाकटा आता रोज येतो. बाबांना औषध देतो, माझी टोपी सारखी करतो आणि दादाच्या रिकाम्या खाटेवर संध्याकाळपर्यंत बसून राहतो.