कडुलिंबाची वाटी

कुठलीही सवय एका दिवसात सोडता येते, माणसाकडे फक्त निग्रह पाहिजे, असा सिद्धांत बिरप्पांनी रविवारी सकाळी मांडला आणि तळहातावर तंबाखू मळायला घेतली.

एस.टी.त छत्तीस वर्षं कंट्रोलर होते. गाड्या वेळेवर सुटोत न सुटोत, घोषणा सुटायच्या. आजची घोषणा अडीच वर्षांच्या नातवाबद्दल होती. सून सोनमला सात रस्ता चौकाजवळच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती. रुजू व्हायच्या पहिल्या तारखेला पंधरा दिवस उरले होते आणि बिरुदेव अजून अंगावर पीत होता.

"कडुलिंबाचा पाला वाटून लावायचा," बिरप्पा म्हणाले. "कडू लागलं की आपसूक सुटतंय. इषय संपला."

तेवढ्यात विषय स्वतःच रांगोळी विस्कटून आत आला, आईच्या मांडीवर चढला आणि पदराआड गेला.

"मामा, दिवसाचं मी सोडवणार हाय, एकेक वेळ कमी करत," सोनम म्हणाली. "रातचं ठेवणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोघांना हवं तवर पाजा. आन् त्यानं मला बघून तोंड वाकडं केलेलं न्हाय चालायचं मला."

"लई लाड!" म्हणत बिरप्पांनी बायकोला हुकूम सोडला.

गोजाबाईंनी पाला वाटला. हिरवागार गोळा वाटीत काढून सुनेला देताना त्या हळूच म्हणाल्या, "तुज्या नवऱ्याच्या येळी मी लावला हुता गं. चार दिस जवळ आला न्हाय माज्या. सुटलं खरं, पर रडत मीच बसले."

सोनमनं वाटी घेतली, क्षणभर विचार केला आणि कोनाड्यातली सासऱ्यांची तंबाखूची डबी उघडली.

दुपारी जेवणानंतर बिरप्पांनी सवयीनं, डबीत न बघताच चिमूट मळून ओठाखाली ठेवली. पुढं ते मोरीकडे ज्या वेगानं गेले, त्या वेगानं त्यांच्या डेपोतून एकही गाडी कधी सुटली नव्हती. तीनदा चूळ भरली. परत आले. डबीतला वरचा हिरवा थर बोटानं काढून टाकला आणि तळातली चिमूट मळायला घेतली.

"काय मामा," दारातून सोनम म्हणाली, "सुटली का?"

गोजाबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. बिरप्पांनी मूठ मिटली आणि पाठ फिरवली. खात्याची चौकशी लागली की ते अशीच पाठ फिरवत.

दुसऱ्या दिवसापासून घरात सुनेचं वेळापत्रक लागू झालं. दुपारची वेळ झाली की बिरप्पा नातवाला घेऊन गल्लीतल्या शेळ्या दाखवायला निघत. त्याच्या हातात कडक भाकरीचा तुकडा, यांच्या खिशात बडीशेप. डबी घरी ठेवायची आणि तंबाखूही एकेक वेळ कमी करायची, ही सोनमची अट. पहिले दोन दिवस दोघंही रडवेले होऊन परतले. सकाळची वेळ गोजाबाईंनी ताकभातावर मारून नेली. एखाद्या दिवशी पोरगं फारच हट्टाला पेटलं की सोनम त्याला सरळ जवळ घेई आणि पाजी. त्यावर कुणी अवाक्षर काढत नसे.

पहिल्या तारखेला ती डबा घेऊन निघाली. बिरुदेवनं हात हलवला आणि आज्ज्याला शेळ्यांकडे ओढलं. संध्याकाळी तो पळत येऊन तिच्या गळ्यात पडला. पदर चाचपला, मग आपणच बोबडं म्हणाला, "लातीला."

सोनमचे डोळे भरून आले.

"मी म्हनलं न्हवतं का, निग्रह पायजे!" बिरप्पा गल्लीला ऐकू जाईल असं गरजले. "पंधरा दिसांत पोरगं बी सुटलं आन् मी बी सुटलो!"

मग सुनेजवळ येऊन त्यांनी आवाज खाली आणला.

"सोनम, त्याचं रातचं चालूच हाय न्हवं?"

"व्हय की."

"मग माजी बी एक चिमूट... रातची तेवढी राहू दे की."