पिकल्या केसांची वही

मी एक वही बोलतेय. शंभर पानी, एकेरी रेघांची, निळ्या पुठ्ठ्याची. शंभरातली आठ पानं आता नाहीत. चार उंदरांनी नेली आणि चार चूल पेटवायला गेली. चुलीवर माझा राग नाही, त्या पानांवर भाकरी तरी भाजली. उंदरांवर मात्र आहे.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. डोळे उघडले ते निमगाव साव्याच्या शाळेच्या ओट्यावर. त्र्याण्णव साल असावं. साक्षरता वर्गाला आलेल्या बायकांना सोपान गुरुजी वह्या वाटत होते. आम्ही चाळीस बहिणी होतो. त्यातल्या बऱ्याच जणी पुढे तंबाखूच्या पुड्या बांधण्यात संपल्या. मी सुंदराबाईच्या हातात पडले म्हणून तगले.

सुंदराबाई तेव्हा चाळिशीची. घर मेंढपाळाचं. नवरा यमाजी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन नाणेघाटानं कोकणात उतरायचा, तो थेट ज्येष्ठात परत. पूर्वी तीही बरोबर जायची, घोड्यावर बिऱ्हाड लादून. एका वर्षी घाटात घोडं घसरलं आणि तिचा पाय मोडला. हाड जुळलं, पण वाकडं. तेव्हापासून ती घरी आणि तो डोंगरात. मुलगा गोरक्ष भोसरीला कंपनीत. वर्षातले आठ महिने घरात ती, दोन शेळ्या आणि कोनाड्यातला बिरोबा.

तीन आठवडे तिनं माझ्यावर 'गवत' आणि 'नळ' गिरवलं. इतकं गवत कुठल्या मेंढरानंही खाल्लं नसेल. मग दसऱ्याला गोरक्षनं एक ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही आणून ठेवला. आता संपलं, असं मला वाटलं. टीव्ही आल्यावर वहीला कोण विचारतो?

पहिल्याच रविवारी आळीतल्या बायका जमल्या. पिक्चरचा हिरो तरणाबांड, झाडाभोवती नाचणारा. सगळ्या हरखल्या. सुंदराबाई नाक मुरडून म्हणाली, "ह्याच्या तोंडावर आजून काय लिवलेलंच न्हाई. कोरी पाटी."

तेवढ्यात हिरोचा बाप आला. वकील होता. कानशिलं पांढरी, कपाळाला आठ्या. बोलण्याआधी जरासा थांबायचा. भिंतीला टेकलेली सुंदराबाई सरळ झाली आणि शेवटपर्यंत तशीच बसली. बायका गेल्यावर तिनं मला मांडीवर घेतलं. लिहिताना ती मोठ्यानं बोलायची, एकेक अक्षर ओढत. 'वकील. कानाजवळ पांढरं. बोलताना घाई नाय. बगावा.' आयुष्यातलं ते तिचं पहिलं स्वतःचं वाक्य. मग तिनं पाकिटातल्या दोन टिकल्या काढल्या आणि त्या ओळीपुढे चिकटवल्या.

तिथून माझं नशीब फिरलं. एक टिकली म्हणजे हातचं काम सोडू नये. दोन म्हणजे बघावा. तीन म्हणजे चुलीवरची भाकरी करपली तरी चालेल. पिक्चर असो की दुपारची सिरियल, माझ्यात फक्त म्हाताऱ्यांची भरती. ब्लॅक अँड व्हाईटवर पिकलेले केस फार खुलून दिसत. एक रिटायर सुभेदार होता, काठी न टेकता नुसती बाळगणारा. एक स्टेशनमास्तर होता. 'लेक नांदाया जाती. रडत नाय. टोपी काडतो.' त्याला तीन.

दूरदर्शनला तेच ते पिक्चर फिरून लावायची खोड. त्यामुळे बायका कुंपणावरून विचारत, "सुंदराआक्का, आज कोण हाय?"

"जज्ज हाय. बायकूशी धड बोलत न्हाई. एका टिकलीचा. जा, कांदा खुरपून घ्या."

शेजारच्या धोंडाबाईनं तर नातवाच्या बारशाला व्हिडिओ आणायचं ठरवलं आणि नवऱ्याला, गेणूला, नारायणगावला कॅसेटच्या दुकानात पाठवलं. गेणूनं तिथं जाऊन सांगितलं, "टेसनमास्तरचा द्या, तीन टिकल्यांचा." दुकानदारानं डोकं खाजवून आगगाडीचं चित्र असलेली कॅसेट हातात दिली. तिच्यात नुसते दरोडेखोर, तिशीच्या पुढचा एक नाही. धोंडाबाई दोन दिवस गेणूशी बोलली नाही.

बायका हसायच्या. सुंदराआक्काला म्हातारे आवडतात, म्हणायच्या. खरं काय ते मला एकटीला ठाऊक होतं. त्या स्टेशनमास्तरच्या दुपारी पेन खाली ठेवून ती मलाच म्हणाली, "आमचं हे आता आसंच दिसत आसतील, न्हाई का गं?"

सासरी आल्यापासून तिनं नवऱ्याला असं निवांत बघितलंच नव्हतं. आधी लाज, मग मेंढरं, मग हा पाय. आता त्याचे केस पिकायला लागले होते आणि ते पिकताना बघायला करवंदीच्या जाळ्या होत्या, ती नव्हती. तिला दुसरं काही नको होतं. आपला माणूस म्हातारा होताना डोळ्यांनी बघायचा होता. पण मेंढरं म्हणजे देवाचं धन. ती सोडा आणि घरी बसा, असं त्या घरात कुठल्या बाईनं कधी म्हटलं नव्हतं. तीही म्हणाली नाही. टीव्हीतल्या कुणाचा कान, कुणाचं चालणं पकडून ती ओळीच्या शेवटी लिहायची, 'हेंच्यावानी'.

पाच वर्षांत माझी बावन्न पानं भरली.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात यमाजी घरी होता. पाणवठ्यावर धोंडाबाईनं त्याची थट्टा केली. "भावजी, तुमची मंडळी लई फुडं गेली. टीवीतल्या पुरुषास्नी टिकल्या वाटतीया! वही भरली तिची."

बाई टिकली कुणाच्या नावानं लावते हे काय सांगायला हवं? यमाजी घरी आला. सुंदराबाई शेळ्यांकडे गेली होती. त्यानं मला टीव्हीवरून उचललं. त्याला वाचता येत नव्हतं. येत होती ती फक्त तीन अक्षरं, स्वतःच्या नावाची. लोकर सोसायटीत अंगठा द्यायची लाज वाटे म्हणून गिरवून घेतलेली. पहिल्या पानापासून त्यानं बोट फिरवायला सुरुवात केली. य, मा, जी. पान उलटलं. य, मा, जी. टिकल्यांवर बोट अडखळायचं, पुढे सरकायचं. बावन्न पानं तो आपलं नाव शोधत होता आणि ते एकाही पानावर नव्हतं.

कसं असेल? तोंडानं जी नवऱ्याचं नाव घेत नाही ती पेनानं घेईल होय? अरे बाबा, ते 'हे' बघ, पानोपानी आहे, ते तूच! मी ओरडले असते. पण वहीला अक्षरं असतात, आवाज नसतो. 'हे' त्याला वाचता येत नव्हतं आणि कुणाला वाच म्हणावं तर घरची अब्रू चव्हाट्यावर. त्यानं मला घोंगडीत गुंडाळलं.

तिनं मला फार शोधलं. कणगीमागे, उखळाखाली, शेळ्यांच्या गव्हाणीत. शेवटी त्याला विचारलं, "माजी वही बगितली का वं?"

"कसली वही?" तो म्हणाला.

दिवाळी झाल्यावर मी मेंढरांबरोबर नाणेघाट उतरले. पुढची आठ वर्षं मी घोड्यावरच्या ओझ्यात काढली, ओल्या लोकरीच्या वासात. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. मेंढरं भुकेली की ओरडतात, माणूस ओरडत नाही. वर्षातून एखाद्या दुपारी, भाचा बहिरू मेंढरं पाण्यावर घेऊन गेला की, यमाजी मला बाहेर काढायचा आणि पुन्हा पहिल्या पानापासून बोट फिरवायचा. मागच्या वेळी नजरचूक झाली असेल असं त्याला वाटत असावं. मग पुन्हा गुंडाळून ठेवायचा. पावसाळ्यात गावी आला तरी मेंढरं लांबच्या रानात बसवायचा. जेवायला घरी, झोपायला रानात. ती ताट वाढायची, तो मान खाली घालून जेवायचा. दोघांना एकमेकांची आठवण यायची, ती समोरासमोर बसलेले असताना. मी मध्ये होते आणि माझा काही उपयोग नव्हता.

दोन हजार सहाच्या वैशाखात परतताना यमाजीला घाट चढून आल्यावर ताप भरला. वळवाचा पाऊस आला आणि ओझं भिजलं. घाटघरच्या जानकूनं त्याला आपल्या पडवीत घेतलं. नाणेघाट बघायला येणाऱ्यांना जानकू चहा करून देत असे. वाचायची भारी हौस, भज्यांचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायचा नाही. भिजलेलं सामान वाळवताना मी त्याच्या हाताला लागले. चुलीशी बसून एकेक पान शेकता शेकता तो हसायला लागला.

"पावणं, ही पिच्चरची वही कशाला वो हिंडवताय?"

"ठिव ती खाली," यमाजी घोंगडीतून म्हणाला.

पण जानकू कसला ठेवतोय! "'टेसन मास्तर. लेक नांदाया जाती. रडत नाय. टोपी काडतो. हेंच्यावानी.' लई भारी लिवलंय! 'दाकतर. चालतो तवा उजवा खांदा हालतो. हेंच्यावानी. पन हे बरं.'"

यमाजी उठून बसला. "हे कोण?"

"आवो, बाईमाणसाच्या वहीत 'हे' म्हंजी कोण आसतंय?" जानकू म्हणाला. "एवढं क्यास पिकवलं राव तुमी, अन् मला इचारताय?"

यमाजी बराच वेळ आपल्या उजव्या खांद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पयल्यापासून वाच."

जानकूनं सगळं वाचलं. चहाला आलेली दोन गिऱ्हाईकं कंटाळून निघून गेली. बावन्नाव्या पानावर पिक्चर नव्हता, टिकली नव्हती, एकच ओळ होती. 'आता हे घरी ऱ्हायले तर टीवी बंद करीन.'

यमाजीनं मेंढरं बहिरूच्या हवाली केली. तापातच घाटघरहून जुन्नरची एसटी धरली. जन्मभर पायी तुडवलेला रस्ता तो पहिल्यांदा खिडकीतून बघत होता, आणि तरी म्हणत होता की गाडी हळू चाललीय.

घरी पोचलो तेव्हा टळटळीत दुपार होती. टीव्ही चालू होता, आता रंगीत. सुंदराबाई त्याच्या अगदी पुढ्यात, काचेला नाक लागेल इतक्या जवळ बसली होती. यमाजी दारात उभा राहिला. तिनं मान वळवली, त्याच्याकडे तोंड केलं आणि विचारलं, "कोण हाय?"

रागानं विचारतेय, असं त्याला वाटलं. मलाही वाटलं.

"मी," तो म्हणाला.

"या," ती म्हणाली, पण नजर त्याच्या जरा बाजूला, चौकटीवर होती.

काचबिंदू होता. दोन वर्षं ती टीव्ही बिघडलाय म्हणत राहिली. गोरक्षनं नवा आणून दिला, तोही तिला बिघडलेलाच दिसला. त्या हिवाळ्यात नेत्रशिबिराला नेलं तोवर उशीर झाला होता. गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टरांनी सांगितलं. उजेड कळतो, माणूस कळत नाही. नवऱ्याला कळवायला तिनं मना केलं होतं. एवढ्या लांबून येऊन ते काय करणार, म्हणाली होती.

त्यानं मला तिच्या हातात दिलं. तिनं पानावरून बोट फिरवलं आणि ते टिकलीवर थांबलं.

"घावली व्हय?"

"मीच नेलती."

"वाचून घेतली?"

"घाटघरला. परवा."

मग चाचपडत तिनं टीव्ही बंद केला. घर एकदम शांत झालं.

"आता सांगा," ती म्हणाली.

"काय?"

"क्यास कितीक पिकलं?"

यमाजीनं कधी आरशात धड बघितलं नव्हतं. त्यानं खुंटीवरचा गोरक्षचा दाढीचा आरसा काढला, दारात उजेडाला धरला आणि एकेक करून सांगायला लागला. केस सगळे गेले, म्हणजे पांढरे झाले. भुवया अजून काळ्या आहेत. डोळ्यांच्या कडेला रेघा, डावीकडं चार, उजवीकडं पाच. सांगता सांगता त्यानं आरसा खाली केला.

"थांबू नगा," ती म्हणाली. "मिशीचं सांगा."

त्याला दोन वर्षं झाली. यमाजी पुन्हा घाट उतरला नाही. रोज दुपारी तो आरसा घेऊन दारात बसतो आणि तिला नवं काय पिकलं ते सांगतो. ती ऐकते, आणि मधूनच म्हणते, हे लिवून ठिवाय पायजे.

माझ्यात चाळीस पानं कोरी आहेत. तिला दिसत नाही, त्याला लिहिता येत नाही. धोंडाबाई अंगठेबहाद्दर आणि गोरक्षला सुट्टी मिळत नाही. दुपारची सांगितलेली वाक्यं संध्याकाळपर्यंत हवेत विरून जातात आणि मी टीव्हीवर उघडी पडून नुसती ऐकत राहते. तुम्हाला लिहिता येतं. कधी निमगाव साव्याकडे आलात तर पेन घेऊन या. फार नाही, दोन ओळी लिहायच्या आहेत, आणि लवकर या, तो सत्तरीकडे चाललाय.