टाळ्यांच्या वेळी न उठलेला माणूस

लोथार ग्राफुंडरला उपाशी कोणी पाहिलं नव्हतं. कैसर गादीवर होता तेव्हा नाही, कैसर हॉलंडला पळाला तेव्हा नाही, आणि पुढे अख्खं ब्राखेनफेल्ड गाव बटाट्याची सालं उकळून खात होतं तेव्हाही नाही. बेकरीवाल्याचा हा मुलगा. ऑपेरातल्या गायकांना पियानोवर तालमी देता देता वर चढला, आणि एकोणीसशे बत्तीस साली ब्राखेनफेल्डच्या नगर-वाद्यवृंदापुढे संचालकाची छडी घेऊन उभा राहिला. राज्य कोणाचंही येवो, हा त्याच्या दारात नवी रचना घेऊन हजर. राजपुत्राच्या लग्नात वरातीचं संगीत, प्रजासत्ताकात कामगारांचं समूहगान, आणि एकोणचाळीस साली नाझींसाठी विजयाचं संचलनगीत. युद्धानंतर त्यापायी दोन वर्षं त्याला वाद्यवृंदाची बंदी होती. त्या दोन वर्षांत चर्चमध्ये ऑर्गन वाजवून तो इतका भाविक झाला, की चौकशी समितीपुढे त्याच्या चारित्र्याची ग्वाही द्यायला खुद्द पाद्री धावत गेला.

आता सत्तावन्न सालचा नोव्हेंबर. ग्राफुंडरची पासष्टी आणि नोकरीची पंचविशी एकदमच आली होती. त्यासाठी त्याने नवी रचना केली होती, ‘हरवलेल्यांसाठी शोकसंगीत’, आणि ती अर्पण केली होती ज्युलियुस हिर्शलांडच्या स्मृतीला. हिर्शलांड हा वाद्यवृंदाचा जुना मुख्य व्हायोलिनवादक. ज्यू. पस्तीस साली त्याला ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणून सांगितलं, आणि पुढे आगगाडीत घालून पूर्वेला नेलं ते नेलंच. त्याची मुलगी मिर्यम मँचेस्टरला होती; नगरपालिकेने तिला समारंभाला बोलावलं होतं. मेलेल्याची शोभा करायची तर जवळचं माणूस समोर हवं.

पहिल्या तालमीला आर्नुल्फ टीडेमानने व्हायोलिन खांद्याला लावलं. हिर्शलांडनंतर मुख्य व्हायोलिनवादक तोच. थोडंसं वाजवून होतंय न होतंय तोच त्याने समोरच्या कागदाकडे बघणं सोडलं. ही चाल त्याच्या बोटांना पाठ होती.

मधल्या सुट्टीत त्याने व्हियोला वाजवणाऱ्या पोटहास्टला कँटीनच्या कोपऱ्यात गाठलं.

“ओळखलंस?”

“मटाराच्या सूपमध्ये सॉसेज आहे, ते? ओळखलं की. चमत्कारच म्हणायचा.”

“थट्टा नको. हे एकोणचाळीसचं संचलनगीत आहे. वेग निम्मा केलाय आणि तुताऱ्यांचं काम चेलोंना दिलंय, एवढंच.”

“आणि स्वर कोमल केलेत, ते विसरलास. दुःखाला कोमल लागतं बाबा.” पोटहास्टने पाव सूपमध्ये बुडवला. “सगळ्या जुन्यांनी ओळखलंय. तो बासरीवाला तर जुन्या सवयीनं पाय आपटायला लागला होता. मी खालून लाथ घातली.”

“मग कोणी बोलत का नाही?”

“मुख्य तू. बोलायचं मानधन तुला.”

टीडेमान ग्राफुंडरच्या खोलीत गेला. ग्राफुंडर मानेला कोलोनचं अत्तर चोळून प्लमच्या केकवर ताव मारत बसला होता. ओठाला क्रीम लागलेलं होतं.

“संचालकसाहेब, ही चाल जुनी आहे.”

“जुनं ते सोनं.”

“हिर्शलांडना ज्यांनी मारलं, त्यांच्या विजयासाठी लिहिली होती तुम्ही ती.”

ग्राफुंडरने बोटावरचं क्रीम चाटलं. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. “टीडेमान, कोटाचं कापड चांगलं असलं तर लोक तो उलटा करून शिवतात. फेकत नाहीत. सुरांना कुठला आलाय पक्ष?”

“त्यांची मुलगी पहिल्या रांगेत बसणार आहे.”

“बसू द्या की. रडेल बिचारी, मोकळी होईल.” मग तो गोड हसला. “आणि एवढं टोचत असेल तर मला एक सांगा. पस्तीस साली हिर्शलांडच्या खुर्चीवर तुम्ही बसलात, तेव्हा ती अजून गरम होती का हो?”

टीडेमान बाहेर आला. कोलोन आणि क्रीमचा वास नाकातून जाईना. ग्राफुंडरची शिसारी आली होतीच. पण हिशेब मांडायला बसलं तर आपल्याही नावावर बरंच निघतं, हे कळून ती दुप्पट झाली.

मग त्याला एक युक्ती सुचली. वाजवून झालं की संचालक हाताने खूण करतो. मुख्य व्हायोलिनवादक उठतो आणि त्याच्यामागून सगळा वाद्यवृंद. तो उठला नाही तर कोणी उठत नाही. आपण उठायचंच नाही! नकार म्हणजे नकार. त्याला तोंड उघडावं लागत नाही, नोकरीला धक्का नाही, आणि पेन्शन शाबूत. भित्र्या माणसाला याहून सोयीचा निषेध सापडणं कठीण.

समारंभाच्या दिवशी सभागृह तुडुंब भरलं होतं. शोकसंगीत संपलं आणि टाळ्या पडल्या. ग्राफुंडरने खूण केली. टीडेमान मांडीवर व्हायोलिन ठेवून बसून राहिला. ग्राफुंडरने पुन्हा खूण केली. टीडेमान जागचा हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा आपण ताठ आहोत असं त्याला वाटलं.

तेवढ्यात मागे टकटक सुरू झाली. एक, मग दहा, मग सगळेच वादक गजाने समोरच्या कागदाच्या स्टँडवर ठोके देऊ लागले; वादकांच्या टाळ्या अशाच असतात. पोटहास्टसुद्धा. टीडेमानच्या तेव्हा लक्षात आलं. रागाच्या भरात तो रिवाजाची दुसरी बाजूच विसरला होता: संचालकावर वाद्यवृंद अगदी लुब्ध झाला, की तो उठत नाही, टाळ्या एकट्या संचालकाला देऊन टाकतो. याहून मोठा मान या धंद्यात नाही.

सभागृह उभं राहिलं. ग्राफुंडरचा चेहरा पळभर पांढरा पडला. त्याला सगळं कळलं होतं. पुढच्याच पळाला तो हात छातीशी नेत खाली उतरला, टीडेमानला मिठी मारली, आणि ओला गाल त्याच्या गालाला घासत कानात पुटपुटला, “तू बस, आर्नुल्फ. असाच बसून राहा.”

इतक्या वर्षांत त्याने कधी ‘तू’ म्हटलं नव्हतं. टीडेमानला तो गाल धुवून टाकावासा वाटला.

नंतर नगरभवनात पावावर हेरिंग मासा आणि शॅम्पेनचा बेत होता. मिर्यम हिर्शलांड टीडेमानपाशी आली. डोळे लाल होते.

“महापौर सांगत होते, न उठणं हा फार मोठा मान असतो म्हणून. माझ्या वडिलांसाठी बसून राहिलात ना तुम्ही?”

हो म्हणणं किती सोपं होतं! समोरच्या बाईचंही समाधान झालं असतं. पण आता ते त्याच्याने म्हणवेना.

“फ्राउलाइन हिर्शलांड, मी मान द्यायला बसलो नव्हतो. मला किळस आली होती.” आणि त्याने चाल सांगितली, साल सांगितलं, खुर्चीचंही सांगितलं.

तिने वादकांच्या घोळक्याकडे पाहिलं. “यांच्यातल्या किती जणांना हे ठाऊक होतं?”

“जुन्या सगळ्यांना.”

“म्हणून तुम्ही उठला नाहीत.”

“नाही उठलो.”

“पण त्याआधी वाजवलंत.” ती त्याच्या हातांकडे बघत होती. “शेवटपर्यंत वाजवलंत. सुंदर वाजवलंत. मी रडले त्याच्यावर.”

इतक्यात ग्राफुंडर फोटोग्राफरला घेऊन आला. “चला, तिघांचा एक होऊन जाऊ द्या!” त्याने तिच्या खांद्यावर हात टाकला. कोबीच्या पानावरून गोगलगाय उचलावी तसा तिने तो हात दोन बोटांनी उचलून बाजूला केला.

“आता मला जे सांगितलंत, ते मोठ्यानं सांगा,” ती टीडेमानला म्हणाली.

लोक वळून बघायला लागले. टीडेमानचा आवाज आधी फाटला, मग सापडला. “आज आम्ही वाजवलं ते एकोणचाळीसचं नाझींचं संचलनगीत होतं. ग्राफुंडर यांनीच लिहिलेलं. मी तेव्हाही वाजवलं होतं.”

त्याने डोळे मिटले. आता आरडाओरडा होईल, पेले पडतील, कोणी तरी त्याची किंवा ग्राफुंडरची गचांडी धरेल. काहीच झालं नाही. पोटहास्ट चावत होता तो घास सावकाश चावत राहिला. एक बाई नवऱ्याच्या टायवरचा कण झटकू लागली. कोणाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

मिर्यमने पेला टेबलावर ठेवला आणि कोट मागवला.

महापौर लगबगीने टीडेमानजवळ आले आणि त्याचा दंड धरून हळूच, अगदी घरच्यासारखे रागावले, “माहीत आहे हो आम्हाला! आम्ही काय त्या संचलनात चाललो नव्हतो? पण ही काय वेळ आहे? घ्या, हेरिंग घ्या.”